अवघडलेलं कासव

डावा पंजा पालथा धरायचा. त्याच्या पाठीवर उजवा पंजा, तोही पालथाच. बोटं जुळवून समोर ठेवायची, अंगठे मात्र दोन बाजूंना मोकळे सोडायचे आणि वल्ही मारल्यासारखे गोल गोल फिरवायचे. झालं कासव. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतल्या कॉलेजांत, वसतिगृहांत आणि उन्हाळी शिबिरांत ही खूण साथीसारखी पसरली. तिचं नाव ‘ऑकवर्ड टर्टल’. ती केव्हा करायची, हे एका प्रसंगावरून कळेल. कॉलेजच्या मेसमध्ये पाचसहा जण जेवताहेत. एक मुलगी ताट घेऊन येते, बसता बसता समोरच्या मुलाला त्याच्या मैत्रिणीची खुशाली विचारते. ती दोघं गेल्याच आठवड्यात वेगळी झालेली असतात, आणि हे तिला सोडून टेबलावरच्या सगळ्यांना ठाऊक असतं. काटे थांबतात. एक जण पाण्याच्या ग्लासात फारच लक्ष घालतो. मुलीच्या लक्षात येतं. ती काही बोलत नाही, ताटाशेजारी पंजावर पंजा ठेवते आणि अंगठे फिरवू लागते. कुणीतरी फिसकन हसतं. तो मुलगा मान हलवत ‘जाऊ दे’ म्हणतो आणि मीठ मागतो. जेवण पुढे सुरू.

पोरखेळ म्हणून हे सोडून द्यायला हरकत नाही. पण तोच हेतू साधणारी एखादी शहाणीसुरती खूण मुलांना का सुचली नाही, हा प्रश्न उरतोच. छातीवर हात ठेवता आला असता, मान झुकवता आली असती. त्याऐवजी कासव, तेही पोहणारं. माझ्या मते या खुणेतला बाष्कळपणा वरवरची गंमत म्हणून आलेला नाही. तिचं सगळं काम त्या बाष्कळपणाच्याच जोरावर चालतं. तो काढून घेतला तर खूण लंगडी पडते. हे कसं, ते पाहायचं तर आधी ‘ऑकवर्ड’ या शब्दाकडे आणि मग कासवाकडे वळायला हवं.

‘ऑकवर्ड’मधल्या पहिल्या तुकड्याचं मूळ जुन्या नॉर्स भाषेत आहे आणि त्याचा अर्थ उलटा, चुकीच्या बाजूला वळलेला. पुढचा तुकडा दिशा दाखवतो. म्हणजे शब्दशः ‘उलटीकडे’. मराठीने हीच भावना अंगातून घेतली. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय अवघडतो, दिवस भरत आलेली बाई अवघडलेली असते, आणि तसंच चारचौघांत काही भलतं घडलं की आपल्याला अवघडल्यासारखं होतं. शिवाय ओशाळणं, वरमणं, खजील होणं, कानकोंडं होणं असा आपला भरगच्च साठा आहे. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द एका माणसाला चिकटतो. कुणीतरी ओशाळतं, कुणीतरी वरमतं. शांतता ओशाळत नाही, लिफ्ट वरमत नाही. ‘अवघड प्रसंग’ म्हटलं तर तो कठीण प्रसंग होतो, ती गोष्टच वेगळी. इंग्रजी शब्द मात्र माणसालाही लागतो, शांततेलाही आणि चार अनोळखी माणसं कोंबलेल्या लिफ्टलाही. पुण्या-मुंबईतली मुलं ‘फार ऑकवर्ड झालं यार’ म्हणतात तेव्हा त्यांना मराठी येत नसते असं नाही. दोष कुणाच्याच माथी न मारता त्यांना प्रसंगाला नाव द्यायचं असतं. कासवाच्या खुणेचंही तेच आहे.

आता कासवच का? सर्रास दिलं जाणारं उत्तर असं, की कासव घाबरलं की अंग कवचात ओढून घेतं आणि ओशाळलेल्या माणसालाही तेच करावंसं वाटतं. गीतेतल्या स्थितप्रज्ञाची उपमा कानावरून गेलेल्या मराठी माणसाला हे चटकन पटेल. पण खूण नीट पाहा. तिथे काहीही आत जात नाही, उलट अंगठे बाहेर येऊन पोहतात. अमेरिकन कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषेत कासवाची एक खूण आहे: एका हाताची मूठ, तिच्यावर दुसऱ्या पंजाचं झाकण आणि झाकणाखालून डोकावणारा अंगठा म्हणजे डोकं. दडून बसणारं कासव हवं असतं तर ही खूण आयती होती. मुलांच्या हातात आलं ते सागरी कासव, आणि सागरी कासवाला डोकं किंवा वल्ह्यांसारखे पाय कवचात ओढून घेताच येत नाहीत. तेव्हा लपण्याची उपमा इथे बसत नाही. अवघडलेपण शोधायचंच तर ते कासवाच्या वाळूवरच्या चालीत सापडेल. वेळासच्या किनाऱ्यावर अंड्यांतून निघालेली ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे कशी धडपडत जातात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

हाच हात दुसरीकडे वेगळंच बोलतो. स्कूबा करणाऱ्यांच्या सांकेतिक खुणांमध्ये पालथ्या पंजावर पालथा पंजा आणि फिरणारे अंगठे यांचा अर्थ ‘तिकडे बघ, कासव’ एवढाच असतो. पाण्याखाली तोंडात नळी असल्यामुळे बोलणं शक्य नसतं, आणि तिथे कुणी कुणाला मैत्रिणीची खुशालीही विचारत नाही. आणखी एक ठिकाण तर आपल्या घराजवळचं आहे. नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पण’ ग्रंथात दोन हातांनी मिळून करायच्या संयुक्त हस्तांमध्ये हीच रचना येते, आणि तिचं नाव आहे ‘मत्स्य’. कासवासाठी त्या ग्रंथात ‘कूर्म’ हा निराळा हस्त आहे. भरतनाट्यमच्या क्लासला जाणाऱ्या एखाद्या मुलीसमोर हे अमेरिकन कासव करून दाखवलं, तर ती क्षणाचाही विचार न करता ‘मासा’ म्हणेल, आणि बहुधा तुमचं कोपर खाली पडलंय हेही सांगेल. मुद्दा इतकाच, की त्या आकारात अवघडलेपण मुळात कुठेच नाही. नृत्यात तो देखणा आहे, पाण्याखाली कामाचा आहे. जेवणाच्या टेबलावर, काहीही कारण नसताना, मोठ्या माणसाने अंगठे फिरवत केला की मात्र तो हास्यास्पद होतो. मुलांनी निवडला तो हा हास्यास्पदपणा.

त्याची गरज का पडावी, हे समजायला संभाषण किती नाजूक असतं ते पाहावं लागतं. 2009 साली तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या 10 भाषांतली प्रश्नोत्तरं मोजली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतची सरासरी फट सुमारे 200 मिलिसेकंद निघाली, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. इतक्या घट्ट विणीत चार सेकंदांचं भोक पडलं तर? नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात 2011 साली हेच तपासलं गेलं. काहींना सलग वाहणारं संभाषण दाखवलं, काहींना तेच संभाषण मध्ये चार सेकंदांच्या शांततेसह. त्या चार सेकंदांनी लोकांना आपण नाकारले गेलो, या गटातले उरलो नाही, असं वाटायला लावलं. कुणी काही वाईट बोललं नव्हतं. फक्त बोलणं थांबलं होतं. मेसमधल्या त्या टेबलावर काटे थांबले, तेव्हा नेमकं हेच भोक पडलं होतं.

अशा भोकाचं गांभीर्य ओळखणारा समाजशास्त्रज्ञ म्हणजे अर्व्हिंग गॉफमन. शेटलंड बेटांवरच्या एका छोट्या वस्तीत राहून माणसं एकमेकांसमोर कशी वावरतात हे त्याने टिपलं, आणि 1956 साली ओशाळण्यावरच एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चारचौघांत आपण प्रत्येक जण स्वतःची एक प्रतिमा पुढे करतो आणि बाकीचे ती मान्य करून चालतात. एखाद्या घटनेने ती प्रतिमा खोटी पडली, की फक्त तोच माणूस नव्हे, ती मान्य करून बसलेले सगळेच उघडे पडतात. म्हणून ओशाळणं संसर्गजन्य असतं; वक्ता भाषण विसरला की श्रोत्यांच्या कानशिलांना घाम फुटतो. पण गॉफमनने पुढची जी गोष्ट पाहिली ती अधिक मोलाची आहे. गोंधळलेला माणूस त्या गोंधळातूनच एक सूचना देतो, की आज माझं जमलं नाही, पण जमलं नाही याचं मला वाईट वाटतंय, तेव्हा पुढच्या वेळी माझ्यावर भरवसा ठेवा. ओशाळणं ही त्या अर्थी डागडुजी आहे.

याला भक्कम पुरावा आहे. 1982 साली सेमिन आणि मॅन्स्टेड यांनी लोकांना एक छोटी फिल्म दाखवली. सुपरमार्केटमध्ये एक गिऱ्हाईक टॉयलेट पेपरच्या रोलांची उतरंड पाडतं. एका फिल्ममध्ये ते ओशाळतं, दुसऱ्यात मख्खपणे उभं राहतं. कधी रोल पुन्हा रचतं, कधी तसेच सोडून जातं. ओशाळलेला माणूस पाहणाऱ्यांना मख्ख माणसापेक्षा जास्त भावला. 1995 साली डॅकर केल्टनरने ओशाळलेल्या चेहऱ्यांचा बारकाईने अभ्यास करून दाखवलं, की त्यात एक ठरलेला क्रम असतो: नजर खाली, दाबून धरलेलं हसू, वळलेली मान, कधी चेहऱ्याकडे गेलेला हात. या सगळ्याच्या कितीतरी आधी, 1872 साली, डार्विनने भावनांवरच्या आपल्या पुस्तकात लाजेने चेहरा लाल होण्याला एक अख्खं प्रकरण दिलं आणि माणसाच्या सगळ्या आविर्भावांमध्ये तो सर्वांत अस्सल मानवी ठरवला. लाली विश्वासार्ह असते, कारण ती मागितली म्हणून येत नाही. नटालासुद्धा ठरवून लाल होणं कठीण.

इथे खरी अडचण उभी राहते. लाली मनावर नसते म्हणून खरी वाटते. कासव मात्र ठरवून, हात उचलून केलेलं. ठरवून केलेल्या खुणेवर लोकांनी विश्वास का ठेवावा? माझं उत्तर: कारण ती फुकट मिळत नाही. टेबलाभोवती सगळे सभ्यपणे बसलेले असताना अंगठे फिरवत कासव करणारा स्वतःच्या मानमरातबातला थोडासा हिस्सा राजीखुशीने मोडतो. समोरच्याची पंचाईत झाली आहे, तर घ्या, मीही वेड्यासारखा दिसतो. ‘सॉरी’ म्हणायला काही लागत नाही; सफाईदारपणे म्हटलेलं ‘सॉरी’ तर म्हणणाऱ्याची सफाईच वाढवतं. सफाई जितकी अधिक, समोरचा तितका एकटा. कासवात सफाई अशक्य आहे. भरतनाट्यम शिकलेली मुलगी सोडली तर ते डौलात कुणालाच जमत नाही, आणि तिने डौलात केलं तर ते कासव राहत नाही, मासा होतो. पोरकटपणा हीच या खुणेची किंमत आणि तोच तिचा शिक्का.

यावर जाणती माणसं म्हणतील, हे सगळं बोलून दाखवायचंच कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. पाहुण्याच्या सदऱ्यावर आमटी सांडली तर नजर दुसरीकडे वळवायची, ही आपल्याकडची रीत, आणि गॉफमननेही अशा न पाहिल्यासारखं करण्याला सभ्यतेत मोठं स्थान दिलं होतं. हा आक्षेप वजनदार आहे आणि अनेक ठिकाणी बरोबरही. आमटी सांडलेली फक्त दोघांनीच पाहिली असेल तर कासव काढणारा माणूस असभ्यच. पण मूठ झाकलेली राहते ती आत काय आहे हे सगळ्यांना कळलंय, हे सगळ्यांना कळत नाही तोवरच. मेसमधल्या टेबलावर तो क्षण निघून गेला होता. प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि प्रत्येकाला ठाऊक आहे हेही प्रत्येकाला ठाऊक होतं. अशा वेळी न पाहिल्याचं सोंग हा सभ्यपणा उरत नाही. सहा माणसांनी एकमेकांसमोर लावलेलं ते वगनाट्य होतं, आणि ज्याची जखम आहे त्यालाही त्यात काम करावं लागतं.

शब्दांनी हे का होऊ नये, असंही विचारता येईल. ‘अरे बापरे, चुकून बोलले’ म्हटलं की झालं. होतं, पण शब्दाला उत्तर लागतं. तो संभाषणातली एक पाळी खातो आणि समोरच्यावर नवी पाळी ढकलतो. आता त्या मुलाने ‘नाही गं, ठीक आहे’ म्हणायचं, मग तिने ‘खरंच सॉरी’ म्हणायचं, मग काय झालं ते त्याने थोडक्यात सांगायचं. जखम झाकायला निघालेल्या चिंध्याच जास्त. हाताची खूण मात्र बोलण्याच्या रांगेच्या बाहेर उभी असते. तिला उत्तर द्यावं लागत नाही. हवं तर हसा, नको तर मीठ मागा.

सगळ्यांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मला पूर्णपणे खोडता येत नाही. हीच खूण टवाळीसाठीही वापरली गेली. वर्गात एखाद्या बुजऱ्या मुलाने काही विचारलं आणि मागच्या बाकावर तीन कासवं एकदम पोहू लागली, तर तिथे डागडुजी कसली? ती चौघांसमोर मारलेली थप्पड आहे. पण यातूनच माझा मुद्दा पक्का होतो असं मला वाटतं. त्या तिघांनी किंमत मोजलेली नसते. टोळीत बाष्कळपणा करायला मानमरातब लागत नाही, उलट तो वाढतो. चूक करणाऱ्याने कासव केलं तर ती माफी. शेजारच्याने एकट्याने, स्वतःला त्या प्रसंगात धरून केलं तर सोबत. गटाने एकाकडे बघत केलं तर मात्र ते कासव नाव बदलून बसतं, आणि ते नाव मुंबईच्या कट्ट्यावर सगळ्यांना माहीत आहे: पोपट. ‘त्याचा पोपट झाला’ यात एक जण पिंजऱ्यात आणि बाकीचे बाहेर टाळ्या देताना दिसतात. लहान मुलांचं ‘शेम शेम’ही असंच बोट रोखणारं. आपल्या जुन्या खुणा बहुतेक व्यक्तीच्या आहेत. जीभ चावायची, कानाची पाळी पकडायची, कपाळाला हात लावायचा: माझं चुकलं, किंवा तुझं. एक खूण तेवढी कासवाच्या जवळची, वर्गात वर केलेली करंगळी. सगळ्यांना कळतं, कुणी हसत नाही, मास्तर फळ्याकडे वळता वळता मान हलवतात आणि मूल पळतं. चारचौघांत न बोलण्याजोगी गोष्ट तिथे एका बोटाने, कुणालाही उघडं न पाडता, सांगून होते. मात्र तिच्यात बाष्कळपणा नाही, कारण तिथे काही मोडलेलं नसतं. फक्त घाई असते.

कासव फार टिकलं नाही, हेही खरं. त्याच्या पोटी बरीच पिलावळ झाली. पंजे उताणे करून उलथं पडलेलं कासव, कोपर दुसऱ्या हातावर टेकवून बोटं हलवणारं ताडाचं झाड. अशी पिलावळ वाढली की फॅशन संपायला आली असं समजावं. 2010 नंतर कासव करणारा माणूस हळूहळू स्वतःच अवघडल्या शांततेचं कारण होऊ लागला. यात नवल नाही. शिष्टाचारात सामावलेल्या वेडेपणाची किंमत उरत नाही, आणि किंमत नसली की खूण काम करत नाही. मग नवं काहीतरी बाष्कळ शोधावं लागतं. 2016 साली कपाळावर हात मारणारी आणि खांदे उडवणारी चित्रं युनिकोडमध्ये आली, 2021 साली वितळत जाणारा हसरा चेहरा आला. चित्र धाडायला मात्र काहीच पडत नाही, धाडणारा त्या वेळी लोकलमध्ये जांभई देत असू शकतो. म्हणूनच बहुधा लोक एकावर भागवत नाहीत, तीन-चार धाडतात. चिनी तरुणांनी मात्र अंगाची आठवण जागी ठेवली. ओशाळवाण्या प्रसंगी पायाची बोटं आपोआप आखडतात, तर त्या बोटांनी जमीन उकरून तीन बेडरूम आणि एक हॉल खणून काढला, असं ते म्हणतात. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरणारी लाजरी मुलगी मराठी कथा-कादंबऱ्यांनी वर्षानुवर्षं दाखवली; ती उकरून उकरून इथवर पोचेल असं कुणाला वाटलं नसेल.

पाण्याखाली यातलं काहीच पोचलेलं नाही. पंधरा मीटर खोलीवर पुढचा पोहणारा थांबतो, मागे वळतो, पंजावर पंजा ठेवून अंगठे फिरवतो, आणि मागचे सगळे त्याच्या हातांकडे न बघता तो बघतोय त्या दिशेला बघू लागतात.